फिरती गोधडी आणि अकरा इंच

२ डिसेंबर

शाळेपासूनच्या मैत्रिणीचा तुकडा आज माझ्या हाती आला. फिरतीतला हा शेवटचा टप्पा. ऑगस्टमध्ये चौघींनी फिरती गोधडी करायचं ठरवलं तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. प्रत्येकीने १२ इंचांचा मधला चौकोन शिवायचा आणि पुढचीकडे द्यायचा. हाती आलेल्या तुकड्याला चारी बाजूंनी ४ इंचांची पट्टी जोडायची आणि पुन्हा पुढे सरकवायचा. १२ चे २०, २० चे २८, २८ चे ३६. नाताळला एकत्र बसायचं आणि जिचा तुकडा तिला परत. मधल्या काळात आपला तुकडा पाहायचा नाही, त्याच्याबद्दल विचारायचंही नाही.

या तुकड्याचं मधलं काम मैत्रिणीचं. लॉग केबिन नावाचा नमुना. मधोमध लाल चौकोन, त्याच्याभोवती फिरत गेलेल्या अरुंद पट्ट्या, तिरक्या रेषेच्या एका अंगाला फिक्या आणि दुसऱ्या अंगाला गडद. मधला लाल म्हणजे घरातला विस्तव, अशी जुनी समजूत आहे. तिने लाल निवडलाय तोही भडक नाही, निखाऱ्यावर राख धरायला लागते तसा.

त्याबाहेर धाकटीची पट्टी. आमच्यातली सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. तिने फ्लाइंग गीझ शिवलेत, म्हणजे उडत्या हंसांच्या रांगेसारखे त्रिकोण. एका बाजूला ६, चारी बाजू मिळून २४, आणि एकाचंही टोक शिवणीत गेलेलं नाही. धाकटी रोटरी कटरने कापते. हे फिरतं पातं १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने आणलं आणि चार-सहा थर एकाच फटक्यात, सरळ रेषेत कापणं घराघरात शक्य झालं. चौघींतल्या ताई अजून पुठ्ठ्याचा साचा ठेवून, खडूने आखून कात्रीनेच कापतात.

आणि धाकटीच्या बाहेर ताईंची पट्टी. साधं लाल कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोऱ्याची वेल.

ताईंच्या पट्टीबद्दल आज काही लिहीत नाही.

६ डिसेंबर

दिवसभर कापणं. माझी पट्टी चौकोनांची आहे. ४ इंचांचे ३२ चौकोन, म्हणजे प्रत्येक साडेचारचा कापायचा, कारण चारी कडांना पाव पाव इंच शिवणीत जातो. हा पाव इंच हीच या कामातली खरी शिस्त. कोपरे धरून ९ चौकोनांची एक पट्टी जोडली आणि मोजली तर ३५ इंचांच्या आसपास भरली. हवी होती ३६. हिशेब केला तेव्हा कळलं. शिवण कडेपासून एक सोळांश इंच जास्त आत जात होती. शिवणीला दोन कापडं असतात, म्हणजे एका शिवणीमागे एक अष्टमांश. ८ शिवणींत अख्खा इंच गेला. डोळ्याला न दिसणारी चूक इंच खाऊन बसते. मशीनच्या पायाजवळ चिकटपट्टी लावून खूण केली आणि पट्टी पुन्हा जोडली.

चौकोनांत एक नवा लाल होता. ओला करून पांढऱ्या चिंधीवर ठेवला आणि इस्त्री दाबली. चिंधी गुलाबी झाली. हा लाल तसाच लावला असता तर पहिल्याच धुण्यात मैत्रिणीचे सगळे फिके रंग बुडाले असते. कापड शिवण्याआधी धुऊन घ्यायचं हे ताईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि घाईत मी ते टाळलं. तो लाल काढून टाकला.

९ डिसेंबर

आज मी एक गोष्ट केली. ती इथे लिहायलाच हवी.

गेल्या वर्षीच्या आजारपणापासून ताईंच्या उजव्या हाताला कंप आहे. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. वेलीच्या तीन बाजूंना टाके लहान-मोठे असले तरी वेल वेलीसारखी जाते. खालच्या बाजूला मात्र एका जागी टाके अगदीच सैरभैर झालेत. एक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, पुढचा त्याच्या तिप्पट, मग एक खडूची रेघ सोडून खाली उतरलेला. मोजपट्टी लावली. ११ इंच.

चार दिवस तो भाग माझ्या डोळ्यांसमोर होता. मशीनवर बसले की नजर तिथेच जायची. रात्री दिव्याखाली तुकडा मांडीवर घेतला, टाके उसवायचं टोकदार हत्यार घेतलं आणि दर तिसऱ्या टाक्याला दोरा कापत गेले. ओढल्यावर त्याचे तुकडे सहज निघून आले. अकरा इंचांतला पांढरा दोरा, तुकड्यातुकड्यांत, जागोजागी वळ पडलेला. मग माझ्या हाताने त्याच वेलीवर नवे टाके घातले. इंचाला आठ, सगळे सारखे.

स्वतःला सांगत होते की हे ताईंसाठीच करतेय. नाताळला सगळ्यांसमोर तुकडा उघडला की त्यांना वाईट वाटायला नको.

१० डिसेंबर

सकाळी उजेडात पाहिलं. कापड दाट विणीचं आहे. जुन्या टाक्यांची भोकं तशीच आहेत. माझ्या टाक्यांच्या शेजारून, कुठे वर, कुठे खाली, ताईंची सुई कुठून कुठे गेली ते सगळं कापडावर दिसतंय. पाण्याचं बोट लावून नखाने आडवं-उभं घासलं, तशी थोडी मिटली. सगळी नाही मिटली.

आणि माझा ११ इंचांचा भाग वेगळा पडलाय. तो सुबक आहे, पण परका आहे. वेल तिथवर येते, थांबते, दुसरीच कुणीतरी चालू लागते, मग पुन्हा ताई येतात.

काल स्वतःला जे सांगितलं ते खरं नव्हतं. ताईंना वाईट वाटेल की नाही, मला काय ठाऊक? मी त्यांना विचारलंच नाही. मला ते टाके बघवत नव्हते, कारण ते पाहिले की ताईंचा हात आठवतो. मला शिवायला शिकवलेला हात. सुईत दोरा कोपरापासून बोटांपर्यंत पुरेल एवढाच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं होतं.

१४ डिसेंबर

झोप येईना म्हणून जीज बेंडच्या गोधड्यांची चित्रं पाहत बसले. अमेरिकेत अलाबामात नदीच्या वळणात वसलेलं हे गाव. गुलामगिरीत राबवलेल्या माणसांच्या लेकी-नाती तिथे पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवत आल्या, त्याही थंडीपासून बचाव व्हावा म्हणून आणि जे कापड हाताशी असेल त्याच्या. २००२ मध्ये त्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांतल्या १० गोधड्यांची टपाल तिकिटंही निघाली.

एका गोधडीपाशी मी फार वेळ थांबले. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा गेल्यानंतर, त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलेली. विटलेले, घासले गेलेले तुकडे. एकही पट्टी पट्टीसारखी सरळ नाही आणि कापडांवर त्याच्या राबण्याच्या खुणा तशाच आहेत. त्या उसवून, सरळ करून कुणी पुन्हा शिवली असती तर तिथे काय उरलं असतं?

जुन्या गोधड्यांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बिनचूक फक्त देवच, म्हणून शिवणाऱ्या बायका मुद्दाम एक ठोकळा, म्हणजे नमुन्याचा एक चौकोन, चुकीचा लावायच्या, अशी. गोधड्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना तिला आधार सापडलेला नाही. मला ती कधीच पटली नव्हती. एवढे तास बसून शिवणारी बाई आपल्याला जमेल तेवढं चांगलंच करते. ताईंनीही त्या ११ इंचांत तेच केलं असणार. त्या जागी त्यांचा हात किती दुखत असेल आणि तरी त्यांनी बाजू पूर्ण केली.

१९ डिसेंबर

माझी पट्टी जोडून झाली. ३६ बाय ३६, चारी कोपरे काटकोनात. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, नाहीतर उरेब कापलेले तुकडे ताणतात आणि चौकोन लाटेसारखा होतो. एवढं जपून केलं, पण म्हणावा तसा आनंद झाला नाही.

उरलेल्या कात्रणांतून चौघींसाठी सुयांची छोटी पुस्तकं केली. वर गोधडीचा ठोकळा, आत फेल्टची दोन पानं, बंद करायला एक बटण. ताईंच्या पुस्तकात मोठ्या नाकाच्या सुया लावल्या. दोरा ओवायला त्रास पडतो त्यांना.

२३ डिसेंबर

तुकडा घेऊन ताईंकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही बोलावं लागलं नाही.

त्यांनी तुकडा टेबलावर पसरला. आधी माझी पट्टी पाहिली, कोपरे चिमटीत धरून पाहिले, मान डोलावली. मग आपल्या वेलीवर अंगठा ठेवला आणि पहिल्या बाजूने फिरवत निघाल्या. दुसरी बाजू, तिसरी. खालच्या बाजूला आल्या आणि अंगठा थांबला.

“अगं, हा माझा टाका नाही.”

“नाही, ताई. मी उसवला. न विचारता.”

त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तुकडा उलटा करून गाठी पाहिल्या.

“इतका वाईट झाला होता?”

मी खरं सांगितलं. टाके वाकडे होते, पण वाईट ते नव्हते. मला ते बघवत नव्हते, कारण तुमच्या हाताचं मला अजून सोसत नाही. हे बोलताना माझाच आवाज गेला.

“माझ्या हाताचं मला सोसतंय,” त्या म्हणाल्या. “तिथे माझी दुपार गेली होती. एक अख्खी दुपार. मला तो तसाच द्यायचा होता तिला.”

मग म्हणाल्या, “उसव ते. आत्ताच.”

माझे इंचाला आठ टाके मीच उसवले. सुईच्या पुस्तकातून, जे खरं तर नाताळला द्यायचं होतं, एक मोठ्या नाकाची सुई काढून दिली. दोरा त्यांनी स्वतःच ओवला. चौथ्या खेपेला गेला. तोपर्यंत मी हात मांडीवर दाबून बसले होते. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं, मनगट डाव्या हाताने धरलं आणि कंप जरा थांबला की तेवढ्यात एक टाका घ्यायच्या. टाका, थांबा. टाका, थांबा. कापड सरकू नये म्हणून पलीकडून मी ते धरून ठेवलं. ११ इंचांना सव्वा तास लागला.

मधे एकदा म्हणाल्या, “ही भोकं तुझी की माझी?” मी म्हटलं, दोघींची. “मग राहू देत.”

टाके आधीपेक्षा जास्तच वाकडे आलेत.

२५ डिसेंबर

चौघी जमलो. आधी छोट्या भेटी उघडल्या. धाकटीने कापडी तारे केले होते, मैत्रिणीने प्रत्येकीच्या नावाचं पहिलं अक्षर भरलेले रुमाल. मग तुकडे. एकेक करून, जिचा तिने उघडायचा, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही.

मैत्रिणीने आपला उघडला आणि बराच वेळ मधल्या लालवरच हात ठेवून बसली. मग बाहेर बाहेर येत गेली. हंसांपाशी हसली. वेलीवरून तिचं बोट फिरत खाली आलं तेव्हा मी ताईंकडे पाहिलं. ताई माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्या तिचं बोट पाहत होत्या.

“इथे भोकं कसली?” तिने विचारलं.

“तिथे आम्ही दोघी बसलो होतो,” ताई म्हणाल्या. तिने पुढे विचारलं नाही. फक्त तो भाग वर येईल अशी घडी घातली.

माझा तुकडा शेवटी उघडला. मधे मी ऑगस्टमध्ये शिवलेला तारा, किती लहान दिसतो आता. त्याभोवती मैत्रिणीचे चौकोन, मग धाकटीच्या आखीव रेषा, आणि सगळ्यात बाहेर ताईंचं लाल. तीन बाजूंना वेल. चौथ्या बाजूला फक्त खडूची रेघ.

“परवाची दुपार तुझ्या भानगडीत गेली,” ताई म्हणाल्या. “जानेवारीत करीन. तू हात लावू नकोस.”

२७ डिसेंबर

अस्तर कापून ठेवलंय. आतला कापसाचा थरही आणलाय. थर एकावर एक लावून कच्चे टाके घालायला बसले असते तर आज रात्रीत झालं असतं. वेल एका थरावरच भरायची आहे, त्यामुळे तोवर थांबायचं. खडू झटकला जाऊ नये म्हणून तुकड्याची घडी घातलेली नाही. खिडकीपासून लांब, खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवलाय, चौथी बाजू वर करून.