चार भजी खाल्ली तरी राग गेला नाही

शनिवार, दुपार. गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून लिहीत बसलेय.

कालपासून डोक्यात एकच. आत्याने भोपळ्याची फुलं तोडली. बस, एवढंच झालंय. ऑफिसातून आले तर टेबलावर झाकलेली ताटली, ओवा घालून केलेली गरमागरम भजी, आणि आत्या म्हणते, "अगं इतकी फुलं नुसती कोमेजून चालली होती." मी हो हो म्हटलं आणि खाल्ली. चार खाल्ली. छान झाली होती हेच तर जास्त लागलं.

संक्रांत झाल्यावर रंगाच्या डब्यात तीन बिया टाकल्या होत्या, एकच वेल जगला. मार्चभर नुसती नर फुलं, लांब देठाची, सकाळी उमलणार आणि दहाच्या आत माना टाकणार. मादी फूल आलं ते महिना सरता सरता, मागे गोटीएवढा भोपळा घेऊनच, आणि चार दिवसांत ती गोटी पिवळी पडून गळली, कारण चौथ्या मजल्यावर मधमाशी येणार कुठून. तेव्हापासून मी मादी उघडली की साडेसहाला वर, नर फूल तोडा, पाकळ्या काढा, केसर मादीच्या आत हलकेच फिरवा. घरात यावर "लग्नं लावायला गेली" असा विनोद होतो. होऊ दे, निदान त्या निमित्ताने कुणी काही बोलतं तरी. असो.

तर आज एक मादी उघडणार होती, काल सकाळीच कळीचं टोक पिवळं दिसत होतं. आणि आत्याने उमललेल्या फुलांबरोबर नर कळ्याही नेल्या.

"मादीला हात लावला नाही हो मी, तेवढं कळतं मला," हे ती आपणहून म्हणाली. म्हणजे चूक तरी कुठे शोधू? जिने जन्मभर परसात वेल चढवले तिला मी यूट्यूब बघून शिकलेली परागीभवनाची गोष्ट सांगणार? मग राग कशाचा? न विचारता तोडली याचा? पण मी तरी कधी विचारून तिच्या परसातलं काय तोडलंय, शेंगा, पेरू, काय वाट्टेल ते.

बाकीचीही रडगाणी आहेतच. टोमॅटोला फुलं येतायत आणि गळतायत, पारा ३८ वर गेल्यावर तो तरी काय करणार. मिरचीवर बोकड्या, पानं आकसून होडीसारखी झालीत, निंबोळी तेल मारून झालं, उपयोग शून्य. पालक तुऱ्यावर गेला. जुनी साडी बांधून सावली केली तर ती वाऱ्याने शेजारच्या टाकीवर. भेंडी आणि गवार तेवढी गुणी, उन्हाला भीत नाहीत. या सगळ्याचं मला एवढं वाईट वाटत नाही, ऊन काय, कीड काय, ती काही घरातली माणसं नाहीत. रात्री अंथरुणात अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं, भोपळ्यासाठी! वय काय, चाललंय काय.

सकाळी तरी वर गेलेच. मादी टच्च उमललेली, वाट बघत. नर एकही नाही. सगळी पानं उचलून पाहिली, शेवटी पाइपच्या मागे एक सापडलं, अर्धवट उघडलेलं, आत मुंग्या. फुंकून मुंग्या घालवल्या आणि लावलं लग्न.

मागे वळले तर आत्या जिन्याच्या दारात, हातात चहा. किती वेळ उभी होती देव जाणे. म्हणाली, "अगं मग काल बोलली का नाहीस?"

मला काही उत्तर सुचलं नाही. चहा घेतला, तिथेच कट्ट्यावर बसलो दोघी, ऊन यायच्या आत. तिने मिरचीची पानं उलटून बघितली, तोंड वाकडं केलं, बोलली काही नाही.

फळ धरलं की नाही ते चार-पाच दिवसांत कळेल. आत्या बुधवारपर्यंत आहे. खाली उतरताना भेंडीकडे फार प्रेमाने बघत होती.