तुम्ही विचारलंत म्हणून : म्हशीचे चामडे चांगले, गाईचे की बकरीचे?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारात चपला, पट्टे आणि बैलांचा साज विकणाऱ्या आमच्या दुकानात हा प्रश्न वर्षभर येतो आणि पोळा जवळ आला की अधिकच येतो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते आणि मला ते देता येत नाही, कारण जनावराचे नाव हा या व्यवहारातला तिसरा प्रश्न आहे. कातडे कशाने कमावले हा पहिला, ते अंगाच्या कोणत्या भागाचे आहे हा दुसरा, आणि या दोन्हींची उत्तरे मिळाल्यावर मग जनावर कोणते ते विचारावे. झाडाच्या सालीत कमावलेले बकरीचे कातडे आणि क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले बकरीचे कातडे यांच्यात वापराच्या दृष्टीने जे अंतर पडते, ते कित्येकदा बकरी आणि वासरू यांच्यातल्या अंतराहून मोठे असते.

ताजे कातडे म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी, आणि बाकी मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे एकमेकांत गुंफलेले धागे. वैशाखात त्याला वेळेवर मीठ लागले नाही तर एका दिवसात कुज सुरू होते. केस मुळापासून सुटू लागले की समजावे, हे कातडे हातचे गेले. नुसते वाळवले तर ते कडक होते आणि भिजले की पुन्हा कुजते. कमावणे म्हणजे त्या धाग्यांशी असे द्रव्य जोडणे की पाणी निघून गेल्यावरही धागे एकमेकांना चिकटून बसू नयेत आणि जीवाणूंना ते खाता येऊ नयेत. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करणे, मांस खरवडणे, मग चुना धुऊन काढणे ही सगळी त्याची पूर्वतयारी असते.

आपल्याकडची जुनी कमावणी सालीची. बाभूळ विदर्भात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि नाल्याकाठी कुठेही उभी असते. तिच्या सालीने चामडे भरीव, टणक आणि लालसर गडद होते. हिरडा मेळघाटातून आणि गडचिरोलीच्या जंगलातून येतो. तो मिसळला की रंग उजळतो आणि बाभळीचा कडकपणा थोडा नरम पडतो. म्हणूनच जाणते कारागीर दोन्ही वापरत. तरवडाची आणि ऐनाची सालही चाले. एक पद्धत अशी होती की कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे, त्यात सालीचा काढा भरायचा आणि तो झिरपून खाली आला की पुन्हा वरून ओतायचा. कोल्हापुरी चपलांचे चामडे याच पद्धतीने कमावण्याची परंपरा आहे. या कामाला काही आठवडे लागतात आणि जाड कातड्याला महिनेही लागतात. असे चामडे ओले करून ज्या आकारात दाबावे तो आकार ते वाळल्यावर धरून ठेवते, त्यावर ठसा उमटतो, कड घासली की चकाकते, आणि वापराने ते पायाला किंवा हाताला बसत जाते. मात्र ते पाणी पिते, आणि ओले असताना चुलीजवळ ठेवले तर आकसून ठिसूळ होते.

क्रोमची कमावणी वेगळ्याच जातीची आहे. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्त्झ यांनी तिचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये तिचे प्रयोग केले. आम्हा शेतीच्या मुलखातल्या लोकांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या प्रयोगांत विहिरीतून पाणी उपसायच्या मोटेचे चामडे होते. मोट दिवसभर पाण्यात बुडते आणि उन्हात वाळते; सालीचे चामडे अशा वापरात सत्त्व गमावते आणि क्रोमचे टिकते. क्रोमियमच्या क्षारांत कातडे आठवड्यांऐवजी दिवसांत तयार होते, निळसर दिसते, हलके, मऊ आणि लवचीक असते आणि उकळत्या पाण्याइतकी उष्णताही सोसू शकते. सालीचे चामडे त्याच्या बरेच आधी आकसते. पण क्रोमचे चामडे दाबलेला आकार धरत नाही, त्याची कड चकाकत नाही, आणि त्याचे सांडपाणी नीट शुद्ध केले नाही तर जमिनीचे आणि नदीचे फार नुकसान होते. कानपूर आणि तमिळनाडूतल्या राणीपेठच्या परिसराने ती किंमत मोजलेली आहे. एवढे मान्य करूनही मी म्हणेन की वरचे मऊ चामडे, बूट, जॅकेट आणि हातमोजे यांसाठी क्रोमच योग्य आहे; त्याला कमी दर्जाचे मानणे हा अन्याय आहे.

आता भाग. एकाच कातड्यात पाठीचा आणि पुठ्ठ्याचा पट्टा सर्वांत घट्ट असतो, कारण तिथले धागे दाट असतात. मान आणि खांदा जाड पण सुरकुतलेला, पोट सैल आणि ताणले जाणारे. कमरेचा पट्टा पोटाच्या भागातून कापला तर तो काही महिन्यांत लांबतो आणि गिऱ्हाईक म्हणते की म्हशीचे चामडे वाईट निघाले. दोष म्हशीचा नसतो, कापणाऱ्याचा असतो. पोटाचे चामडे अस्तराला, पिशवीच्या आतल्या कप्प्याला, जिथे ओढ नाही अशा ठिकाणी वापरावे.

म्हशीच्या चामड्याविषयी मला अधिक बोलावेसे वाटते, कारण विदर्भाची शेती त्यावर चालली. आमच्याकडची नागपुरी म्हैस ओझ्याची आणि ओढीची कामेही करत आली आहे आणि तिचे कातडे जाड असते. त्याचा दाणा, म्हणजे वरच्या थरावरची केसांच्या छिद्रांची नक्षी, ठसठशीत आणि धागा भरड असतो. म्हणून ते देखण्या कामाचे कमी आणि सोसण्याच्या कामाचे अधिक. चपलेचा आणि जोड्याचा तळ, जाड वाद्या, मोट आणि तिची सोंड ही म्हशीच्या चामड्याची कामे. गावोगावच्या हापशीत खालीवर होणारे चामड्याचे वायसर हेदेखील त्यातलेच एक काम होते. सालीचे चामडे ओले करून साच्यात दाबले की वाटीचा आकार घेते आणि पाण्यात फुगून नळीला घट्ट बसते, म्हणून ते तिथे चाले. पुढे त्याची जागा नायट्राइल रबराने घेतली आणि ते योग्यच झाले, कारण दर काही महिन्यांनी हापशी उघडण्याचा त्रास वाचला. बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा घेणार असाल तर म्हशीच्या पाठीचे, सालीत कमावलेले चामडे मागा आणि आतून मऊ अस्तर आहे की नाही ते हाताने चाचपून पाहा. घुंगरांचे वजन पेलायला म्हैस हवी, पण तिची कडक कड मानेला घासून जखम करते.

गाई-बैलाचे चामडे म्हशीच्या चामड्याहून पातळ, पण धागा बारीक आणि दाट गुंफलेला, त्यामुळे त्याच जाडीचा पट्टा अधिक ताण सोसतो आणि वरचा दाणा गुळगुळीत दिसतो. जोड्याचा वरचा भाग, कमरपट्टा, खोगीर, वहाणांचे अंगठे यांना ते उत्तम. परंतु आमच्या भागातल्या बैलाच्या कातड्यावर त्याचे सगळे आयुष्य लिहिलेले असते. जुवाने खांद्याचा दाणा मोडलेला असतो, गोचिडांचे खड्डे असतात, दुखण्यावर उपाय म्हणून दिलेल्या तापल्या लोखंडाच्या डागण्या असतात, आणि तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, आरीची छिद्रे नेमकी पुठ्ठ्यावर, म्हणजे सर्वांत मोलाच्या भागावर पडलेली असतात. गवळाऊ जातीचा बैल जवळून पाहिलेला कोणीही माणूस सांगेल की त्याला टोचण्याची गरज नसते. ज्या धुरकऱ्याने, म्हणजे बैल हाकणाऱ्याने, तुतारीला आर लावली नाही, त्याच्या बैलाचे कातडे पाहताक्षणी ओळखू येते, आणि ते हाती लागल्याचा मला मनापासून आनंद होतो.

गाई-बैलाच्या चामड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात 1976 चा प्राणी संरक्षण कायदा आहे आणि 2015 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्या बंदीत नाही. त्यामुळे स्थानिक गाय-बैलाचे कातडे कायद्याने मिळते ते आपोआप मेलेल्या जनावराचेच. अशा कातड्यात रक्त राहून गेलेले असते आणि सोलायला उशीर झाला तर दाणा खराब होतो. तरीही त्याचे उत्तम चामडे होऊ शकते, हे वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चर्मालयाने दाखवून दिले होते. 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी तिथे मृत जनावरांच्या कातड्याची शास्त्रशुद्ध कमावणी चालवली, आणि वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या विचारात या कामाला मानाचे स्थान होते.

मात्र जुन्या गावकमावणीचे गोडवे गाणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांच्या हातांत हे ज्ञान होते त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी केलेली मोट विहिरीत उतरली पण त्यांना त्या विहिरीचे पाणी मिळाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा असे सांगितले, गावोगावच्या लोकांनी ते सोडले, आणि त्यामुळे कातड्याचा पुरवठा आटला असेल तर तो आटणेच न्याय्य होते. आज हे काम करायचे तर मजुरी, हातमोजे, गमबूट आणि मान या चारही गोष्टींसह करावे.

बकरीचे कातडे पातळ आणि वजनाच्या मानाने फार चिवट असते. त्यावर बारीक, उठावदार दाणा असतो आणि घासले तरी तो लवकर जात नाही. पाकीट, पर्स, चष्म्याचे घर, वहीचे वेष्टण, चपलेवरची नाजूक वेणी, जोड्याचे अस्तर यांना बकरीसारखे दुसरे नाही. आमच्या बेरारी बकरीचे कातडे नीट सोलले तर या कामाला चांगले. बहुतेक वेळा सुरीच्या चिरांनी ते वाया जाते. मेंढीचे कातडे मऊ असते, पण लोकर जितकी दाट तितके ते आतून सैल, आणि त्याच्या थरांमध्ये चरबी असल्याने वरचा थर सुटू लागतो. अस्तर आणि हातमोजे एवढ्यापुरतेच ते घ्यावे. मेंढीचा पट्टा कोणी देऊ केला तर घेऊ नये.

भजनी मंडळांचे लोक डफड्यासाठी आणि ढोलकीसाठी चामडे मागतात, तेव्हा मी त्यांना चामडे देतच नाही, कातडे देतो. वाद्यावर चढते ते कमावलेले नसते. केस काढून, ताणून वाळवलेले बकरीचे कच्चे कातडे असते. कमावलेल्या चामड्याचा धागा मोकळा होतो आणि नाद मरतो. कच्चे असल्यामुळेच ते पावसाळी हवेत ओल धरून सैल पडते आणि वाजवण्याआधी डफडे जाळावर शेकावे लागते. दिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तेव्हा तसे कातडे मागूही नये आणि कोणी आणून दिले तर घेऊही नये.

आपल्या हवामानाचा विचार केल्याशिवाय यातले काहीच विकत घेऊ नये. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा सालीत कमावलेली वहाण पायाला रबराहून कितीतरी सुखाची असते, कारण ती घाम शोषते आणि तापत कमी. पण आषाढात काळ्या मातीचा चिखल तळाला थरावर थर चढतो आणि ओढ बसून शिवण उसवते. त्या दिवसांत शेतात गमबूट घाला आणि चामडे घरी ठेवा. भिजलेच तर ओल्या फडक्याने माती काढून सावलीत वाळवा, आणि थोडी ओल शिल्लक असतानाच एरंडेल किंवा करंजीचे तेल बोटाने चोळा. घरात जवसाचे तेल आहे म्हणून ते लावू नका. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते आणि चामडे त्यासोबत ताठरते. मऊ करायचे म्हणून लावलेल्या जवसाने फुटलेल्या वहाणा दरवर्षी आमच्याकडे दुरुस्तीला येतात.

दुकानात वस्तूवर ‘जेन्युइन लेदर’ असे लिहिलेले असते, त्यावरून जनावरही कळत नाही, भागही नाही आणि कमावणीही नाही. जाड कातडे आडवे चिरून त्याचे दोन थर करतात. वरच्या थरात दाणा असतो, खालचा थर नुसता धाग्यांचा असतो आणि त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा देऊन खोटा दाणा उठवतात. तेही चामडे म्हणूनच विकले जाते, पण घडीवर पापुद्रा फुटला की वस्तू संपते. म्हणून कापलेली कड पाहायला मागा. कड आतपर्यंत एकसारखी तपकिरी असेल तर बहुधा साल, मध्ये निळसर राखी रेघ दिसली तर क्रोम, कडेला कापडाचे दोरे दिसले तर रेक्झिन. मग वस्तू दुमडून पाहा. खऱ्या दाण्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि छिद्रे सगळीकडे सारखी नसतात. घडीवर एकच सरळ रेघ उमटली आणि दाणा छापील कापडासारखा एकसारखा दिसला, तर दुकानदाराने कोणत्याही जनावराचे नाव सांगितले तरी ती वस्तू परत ठेवा.