पाच चौकटी आणि मराठी कान

पुणे, रविवार

सकाळपासून पावसाने उघडीप दिली नाही, त्यामुळे सिंहगडाचा बेत बारगळला आणि ताई व भाची कोथरूडला आमच्याकडे आलेल्या असल्याने दुपार घरातच वर्डल या इंटरनेटवरील शब्दखेळाच्या धर्तीवर कोडी सोडवण्यात गेली. जॉश वॉर्डल यांनी २०२१ साली सर्वांसाठी खुला केलेला हा खेळ २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. अक्षर योग्य जागी असेल तर चौकट हिरवी होते, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळी, आणि शब्दात नसेलच तर करडी. तिथे दिवसाला एकच नवे कोडे मिळते, म्हणून ताई शब्द मनात धरून कागदावर रंगीत पेन्सिलीने खुणा करीत होती.

एका कोड्यात शेवटच्या चारही चौकटी हिरव्या झाल्या: आय, जी, एच, टी. पहिली रिकामी होती आणि तीन प्रयत्न हातात होते. भाची म्हणाली, "मामा, 'व्हाइट' टाकू का? नाही तर 'क्वाइट'?" दोन्ही शब्द पाच अक्षरांचे, दोन्हींच्या शेवटी 'आइट' हाच उच्चार, आणि दोन्ही साफ निरुपयोगी, कारण त्यांचा शेवट ई या अक्षराने होतो आणि जी त्यांच्यात कुठेच नाही. लिहिण्याच्या अर्थाचा 'राइट' आणि बरोबर या अर्थाचा 'राइट' कानाला एकच वाटतात, अक्षरेही दोन्हींत पाचच आहेत. पण चौकटीत बसतो तो दुसरा.

आपल्याला हे जड जाते यात नवल नाही. मराठी शब्दकोड्यात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर एका घरात जाते, जोडाक्षरालाही एकच घर पुरते. 'पुस्तक' या शब्दाला तीन घरे लागतात आणि उच्चार करता करताच ती मोजून होतात. इंग्रजीत मात्र न उच्चारलेल्या अक्षरालाही स्वतंत्र घर द्यावे लागते. त्यामुळे ठरावीक लांबीचा आणि ठरावीक अक्षरांचा शब्द शोधताना शब्दसंग्रहापेक्षा शब्द डोळ्यांसमोर लिहिलेला दिसणे अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. भरपूर इंग्रजी बोलणारी माणसे इथे अडतात, ती यामुळेच.

आडवळणाचे शब्द वगळले तर त्या रिकाम्या चौकटीत ई, एफ, एल, एम, एन, आर, एस आणि टी अशी आठ अक्षरे बसू शकत होती. एकेक शब्द टाकत गेलो असतो, तर तीन प्रयत्नांत जमणे नशिबावर अवलंबून राहिले असते. म्हणून मी भाचीला मुद्दाम 'फिल्म्स' हा शब्द लिहायला लावला. तो उत्तर असणे शक्यच नव्हते, परंतु त्यात एफ, एल, एम आणि एस ही चार अक्षरे एकदम तपासून होतात. आय अपेक्षेप्रमाणे हिरवा झाला, बाकी चारही करडी राहिली. मग 'एंटर' लिहिला, ज्यात ई, एन आणि आर ही तिन्ही अक्षरे आहेत. तिन्ही करडी निघाली असती तर उरला असता तो फक्त टी. पहिलाच ई हिरवा झाला. ताईने धरलेला शब्द होता 'एट', म्हणजे आठ, आणि तो तर 'आइट'च्या यमकात बसतच नाही! कानाने शोधत बसलो असतो तर तो आठवलाही नसता.

अशा वेळी शब्दकोश उघडूनही भागत नाही, कारण त्याचा सारा क्रम पहिल्या अक्षरावर चालतो आणि आपल्याकडे नेमके तेच नसते. संगणकाला मात्र पहिल्या अक्षराचे कौतुक नाही. युनिक्स या संगणकप्रणालीवरील ग्रेप या मजकूर शोधण्याच्या जुन्या साधनाला अज्ञात अक्षराच्या जागी टिंब देऊन पुढची चार अक्षरे सांगितली आणि शब्द टिंबापासूनच सुरू होऊन तेवढ्यावरच संपतो असे बजावले, की शब्दयादीतील जुळणारे सगळे शब्द ते पुढ्यात टाकते. कोडे सुटल्यानंतर ही यादी पाहायला मला आवडते. आधी पाहिली तर खेळायचे ते काय उरले?

भाचीचा आक्षेप निराळाच होता. जो शब्द उत्तर नाही हे ठाऊक आहे, तो लिहिणे तिला लबाडी वाटते. वर्डलच्या 'हार्ड मोड'मध्ये तिच्याच बाजूचा नियम आहे: सापडलेली अक्षरे पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात, म्हणजे 'फिल्म्स'ची युक्ती तिथे बाद. त्या नियमाने आजच्या कोड्यात आठातून तीन शब्द चाचपता आले असते, आणि अशा जिंकण्याला मी कौशल्य म्हणायला तयार नाही. ती मात्र उद्यापासून हार्ड मोडच लावणार आहे.