आमची वाटचाल : मंगळवार पेठ ते उजनीचा काठ

सोलापुरात मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस आधी हसतो. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तिथे गळ कोण विकत घेतो? घेतात हो. जी उजनी सोलापूरला पाणी पाजते, तिच्याच जिवावर आमचं दुकान चाललंय.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. त्यांचा मूळ धंदा सुताच्या दलालीचा, म्हणजे सोलापुरात निम्म्या पेठेचा असायचा तोच. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि माढा, करमाळा, इंदापूर, पार दौंडच्या हद्दीपर्यंत पाणी चढलं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात. नदीच्या डोहात फेकजाळं टाकणाऱ्या भोई मंडळींपुढे एकाएकी एवढं पाणी उभं राहिलं. जुनी सुती जाळी त्या पाण्यात जड व्हायची, कुजायची. मग नायलॉनचं जाळं, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, दोर, शिसं, असं काय काय मागत ही मंडळी टेंभुर्णीहून, केमहून एसटीनं सोलापूरला यायला लागली. आप्पांचा सुतातला अंदाज पक्का होता. कुठला धागा किती वजन धरेल हे ते बोटावर गुंडाळून सांगायचे. दलाली सुटली आणि मंगळवार पेठेतला गाळा जाळ्यांनी भरला.

दुकानाच्या या सगळ्या काळातला मी सर्वांत मोठा मानते तो निर्णय माझा नव्हे, आप्पांचा. जाळ्याच्या धंद्यात खरा पैसा बारीक डोळ्यांच्या जाळ्यात. उजनीवर ज्याला वडाप म्हणतात, ते बोटाएवढं पिल्लूही मागे ठेवत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा विणत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, बाहेरून आणून सोडतात. तीच बोटुकली वडापात गोळा करून, वाळवून पोत्यानं विकली, तर मोठा मासा येणार कुठून? आप्पांनी तो माल ठेवणंच बंद केलं. पलीकडच्या गल्लीत तो मिळत होताच, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि आमची उलाढाल निम्म्यावर आली. घरात कुरबुरी झाल्या, त्या इथे लिहीत नाही. पण उजनीवरच्या जुन्या भोई कुटुंबांशी आमचं नातं त्यानंतर जे घट्ट झालं, त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

मी काउंटरवर बसायला लागले तेव्हा मला गळाचे नंबरसुद्धा कळत नव्हते. गळाचा नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान, हे डोक्यात बसायलाच महिना गेला. पण शनिवारी संध्याकाळी येणारं गिऱ्हाईक मात्र मला लगेच कळलं. बाप आत येऊन काठी हलवून बघतोय, पोरगं खोक्यातले तरंगे उपसतंय आणि बाई बाहेर गाडीवर पिशवी धरून बसलीय. एकाला मी विचारलं, "उद्या कुठं, दादा?"

"हिप्परग्याच्या तळ्याला."

"वहिनी येणार का?"

"ती काय करणार तिथं?"

बाहेर बसलेल्या वहिनींना हे ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मी येईन की. पण तिथं बाईमाणसानं जायचं कुठं, ते सांगा आधी."

कुटुंबासह मासेमारीच्या सहली काढायच्या तर मासे, गळ, जागा हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न संडासाचा. बॅकवॉटरला काठ आहे, सावली आहे, मासा आहे, पण आडोसा नाही. पाणी उतरलं की काठ म्हणजे नुसतं उघडं रान. माझ्या मिस्टरांनी तंबूवाल्या फिरत्या सोयीचा प्रस्ताव मांडला, मी तो उडवून लावला. दोन महिने रविवारी दुकान बंद करून आम्ही करमाळ्याच्या अंगानं वांगी, कंदरच्या बाजूला फिरलो. तिकडे सगळ्या केळीच्या बागा. शेवटी एक शेतकरी भेटले, ज्यांच्या वस्तीवर पक्कं न्हाणीघर होतं आणि बागेच्या कडेनं पाण्यापर्यंत बैलगाडीची वाट होती. त्यांच्या घरच्या मावशी म्हणाल्या, "जेवायचं पण मीच बघते, फक्त आदल्या दिवशी माणसं किती ते सांगा." तिथून सहली सुरू झाल्या.

कागदाचं कामही तेव्हाच उरकलं. धरणातला मासा कुणाच्याही मालकीचा नसतो, असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं नसतं. पाण्याचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थांकडे असतो, बोटुकलीवर खर्च झालेला असतो. आपण गळ घेऊन जायचं, किलोभर रोहू उचलून आणायचा आणि वर निसर्गप्रेमाच्या गप्पा मारायच्या, हे मला पटत नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की संस्थेचे सभासद असलेले आमचे भोईकाका सहलीत बरोबर असतात. घरी न्यायचा मासा त्यांच्या काट्यावर तोलायचा आणि बाजारभावानं पैसे त्यांच्या हातात द्यायचे. वितीपेक्षा लहान रोहू-कटला लागला तर परत पाण्यात. चिलापी, म्हणजे तिलापिया, मात्र हवी तेवढी न्या. ती मुळात बाहेरची, १९५२ साली भारतात आणलेली, आणि आता उजनीत ती कुणाला आटोपत नाही.

एका पावसाळी शाळेच्या सहलीत काकांनी पहाटेचं जाळं काढलं, त्यात एक चिलापीची मादी होती. ती फळीवर ठेवली तर तिच्या तोंडातून मोहरीच्या दाण्याहून जरा मोठी पिल्लं बाहेर पडायला लागली. एक मुलगी ओरडली, "काका, हिनं पिल्लं खाल्ली!" काकांनी मादी आणि पिल्लं दोन्ही ओंजळीतून पाण्यात सोडली आणि सांगितलं की खाल्ली नाहीत, सांभाळलीत. नर उथळ पाण्यात गोल खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालून ती तोंडात घेते आणि पिल्लं फुटून पोहायला लागेपर्यंत तोंडातच ठेवते, त्या काळात स्वतः जवळपास काही खात नाही. पाणी उतरलं की काठाच्या चिखलात परातीएवढे गोल खड्डे ओळीनं दिसतात, ते तेच. त्यानंतर आम्ही ते खड्डे मुद्दाम दाखवतो. मासा लागो न लागो, मुलं तिथेच बराच वेळ बसतात.

काठावर शिकवायचं काम माझं. सामान साधं ठेवते. लहान मुलांना वेळूची काठी, तंगूस, शिशाचा मणी, छोटा गळ आणि तरंग्याला ज्वारीच्या वाळक्या धाटाचा तुकडा. थर्माकोलपेक्षा तो बरा, तुटून पाण्यात गेला तरी कचरा होत नाही. गळाचा उलटा काटा मी पकडीनं आधीच दाबून टाकते. मग तो मुलाच्या बोटात गेला तरी सरळ निघतो आणि सोडायच्या माशालाही इजा कमी होते. गाठ आवळण्याआधी तंगूस थुंकीनं ओला करायचा, हे मुलांना फार आवडतं. कोरडा आवळला तर घासून तापतो आणि नेमका मासा लागल्यावर गाठीशीच तुटतो. आमिषाला कणिक, त्यात थोडी शेंगापेंड. सोलापूरला शेंगांना तोटा नाही. पेंडीच्या वासावर रोहू-मृगळ येतात, चिलापी कणकेवरही खूश, मरळीला मात्र जिवंत काहीतरी लागतं.

हात लावायचीही रीत असते. चिलापीच्या पाठीवर काटे, म्हणून तळवा डोक्याकडून शेपटीकडे फिरवत आणायचा, काटे आपोआप दबतात. शिंगटा लागला तर मुलांनी हातच लावायचा नाही, काकांना हाक मारायची. त्याच्या कल्ल्याजवळचे दोन काटे ताठ होतात आणि टोचले की हात ठणकतो.

आणि मरळ. बाजारात तिला सगळ्यात जास्त भाव, त्यामुळे आमच्याकडचे हौशी लोक तिच्याच मागे. पाणवनस्पतीच्या कडेला कधीकधी लालसर पिल्लांचा एक थवा वर-खाली होताना दिसतो, त्याच्या खालीच आईबाप पहारा देत असतात आणि पिल्लांजवळ आलेल्या कशावरही झडप घालतात. तिथे आमिष टाकलं की मरळ हमखास लागते आणि पिल्लं वाऱ्यावर. आमच्या सहलीत त्या जागी गळ टाकायला बंदी आहे. यावरून एका साहेबांनी पैसे परत मागितले, आम्ही दिले.

होडी आम्ही कधीच घेतली नाही. हा मुद्दा प्रत्येक दुसऱ्या फोनवर निघतो. शेजारच्या गावात होडीत बसवतात, फ्लेमिंगो दाखवतात, तुम्ही का नाही? उजनी दिसायला शांत आहे, पण उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटा उठायला वेळ लागत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर काही दिवस होडीचं कुणी विचारलं नाही, आता पुन्हा विचारतात. आमचं उत्तर तेच, काठावरूनच. मुलं गुडघाभर पाण्याच्या जवळ गेली तरी अंगात तरंगतं जाकीट, आणि एप्रिल-मे महिन्यांत बारा वाजता गळ गुंडाळायचे. मोठी माणसं कुरकुर करतात. पण माझ्या जबाबदारीवर आलेल्या पोरांचा प्रश्न असतो, तिथे मी ऐकत नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. बाहेरच्यांना वजा पाणी म्हणजे काय ते समजत नाही. सोलापूरच्या शाळकरी पोरालाही समजतं, मृतसाठ्यातलं पाणी उपसायला लागलो की आकडा शून्याच्या खाली. केळीच्या बागेपासून पाणी इतकं लांब गेलं की मधल्या गाळपेरीत शेतकऱ्यांनी पिकं घेतली होती. भेगाळलेल्या चिखलातून आजीआजोबांना चालवत न्यायचं तरी कसं? त्या मोसमात सहली जवळजवळ बंद पडल्या. जे थोडे लोक आले ते मासे राहिले बाजूला आणि इंदापूरच्या बाजूला पाण्यातून वर आलेलं पळसदेवचं जुनं देऊळ बघायला गेले. दुकानातली विक्रीही बसली. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस झाला आणि धरण शंभर टक्के भरलं. सोलापुरात तेव्हा ऊनच होतं. आपला धंदा पुण्याच्या पावसावर चालतो, हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. पावसाळ्यात माझे मिस्टर सकाळी उठून आधी दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीकडे किती पाणी येतंय ते, बघतात, मग चहा.

पुण्याकडून पाऊस येतो तसं बाकीचंही येतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून शेवटी उजनीतच उतरतं. उन्हाळ्यात कडेचं पाणी हिरवं होतं, जलपर्णी अडकते, वास येतो. त्यावर "इथला मासा खायचा का?" असं लोक विचारतात. पाण्यावर हिरवी साय दिसली की त्या दिवशी आम्ही काठावर मासा शिजवत नाही, सगळे सोडून देतो आणि मावशी पिठलं टाकतात. शेंगा चटणी आणि कडक भाकरी असतेच. तक्रार अजून तरी कुणी केलेली नाही.

न खाणारी घरंही बरीच येतात, याचं मला आधी नवल वाटायचं. सोलापुरात लिंगायत आणि जैन कुटुंबं पुष्कळ. मुलांना गळ टाकून बघायचाय, पण घरात मासा चालत नाही. काहींना गळ टोचणंही नको असतं. मग ते नुसतं पेंड टाकून मासे वर येताना बघतात, हिवाळा असेल तर पक्षी बघतात. त्यांच्यासाठी मी वेगळा रविवार ठेवते, कारण शेजारी कुणी चिलापी साफ करत बसलं तर दोन्ही बाजूंना अवघड होतं.

उजनी लांब पडते त्यांच्यासाठी आम्ही जवळची पाणीही धुंडाळली. माचणूरला भीमा सुंदर आहे, पण देवळाच्या घाटावर गळ टाकणं आम्हाला बरं वाटत नाही, म्हणून वरच्या अंगाला जातो. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, तिथे तर मासे नावालाच. १०१८ सालचा मराठी शिलालेख बघून, संगमावर डबे उघडून, जेवून लोक परत येतात. नदीवरच्या सहली मी कमीच काढते. उजनीतून पाणी सोडलं की पात्र अचानक भरतं, तेव्हा पाटबंधाऱ्याची सूचना बघितल्याशिवाय निघायचं नाही.

दुकानाचं म्हणाल तर काठ्या आणि रिळं आता लोक ऑनलाइन घेतात. किमतीत आम्ही त्यांना पुरे पडत नाही. पण रिळावर तंगूस भरताना पीळ पडला की पहिल्याच फेकीला त्याचा गुंता होतो, आणि मग तेच लोक खोकं घेऊन आमच्याकडे येतात. भरून देण्याचे पैसे आम्ही घेतो. आप्पा आता दुपारी तासभर येऊन बसतात आणि प्रत्येक गुंता कात्री न लावता सोडवतात. मासा पकडायला कुणी पैसे देऊन जातं, हे त्यांना अजूनही पटत नाही. शनिवारची वही बघून मात्र गप्प बसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये सहली बंद. विणीचा काळ असतो आणि श्रावणही त्यातच येतो, तेव्हा धंद्याचं तसंही नुकसान नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यातही आम्ही कुठे जात नाही. एरवी रविवारी पहाटे पाचला मंगळवार पेठेतून गाडी सुटते. माणसं किती ते शुक्रवारपर्यंत कळवा, मावशींना ज्वारी दळून आणावी लागते.