सात घरांतलं एक

इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक लहान खोली आहे. गेल्या सहा वर्षांत तिथे ४१ मांजराची पिल्लं राहून गेली, त्यातलं एकही माझं नव्हतं. कुणाच्या शेडमध्ये, कुंपणाखाली सापडलेली पिल्लं तिथली मांजरांसाठी काम करणारी संस्था माझ्याकडे आणून देते. खाणं, औषधं, डॉक्टर हा खर्च संस्थेचा. जागा आणि जागरण माझं. आठ-नऊ आठवड्यांची झाली की ती कायमच्या घरी जातात. याला तिथे फॉस्टरिंग म्हणतात. आईला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "जीव लावायचा नि देऊन टाकायचं? कसं गो जमतं तुला?"

यंदा मेच्या शेवटी सुट्टीवर कोकणात हर्णैला आई-बाबांकडे आले, तेव्हा बंदरावर होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. लिलाव थांबला की बंदरावरच्या मांजरांच्या तोंडचा घास जातो आणि त्याच सुमारास उन्हाळ्यात व्यालेल्या मांजरींच्या पोटाशी पिल्लं असतात. शेजारच्या काकूंना जाळ्यांच्या ढिगाऱ्यात चार सापडली. एरवी मी म्हणाले असते, हात लावू नका, लांबून बघा, आई येईल. पण ती मांजरी आदल्या दिवशी रस्त्यावर गाडीखाली गेलेली काकूंच्या मुलाने पाहिली होती.

डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे साधारण आठ-दहा दिवसांची. अंग गार. आई वाटीत गाईचं दूध घेऊन आलीच होती, मी तिला थांबवलं. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भरून ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि चौघांना तिच्याभोवती ठेवलं. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात आणि एवढ्या जिवाला जुलाब म्हणजे मरणच. भावाने मुंबईहून पिल्लांच्या दुधाची पावडर एसटीच्या पार्सलने पाठवली. ती येईपर्यंत काय द्यायचं ते दापोलीच्या डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं.

मग सुरू झाल्या त्या दर तीन तासांच्या रात्री. पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजायचं, आईला पितं तसं; माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मागून हळू पुसायचं, कारण मांजरीने चाटल्याशिवाय एवढ्या लहान पिल्लांना शी-शू होत नाही. आईला हे सगळ्यात नवल वाटलं. तिसऱ्या रात्री मला उठवायच्या आधी तीच कापूस भिजवत बसली होती.

नावं तिनेच ठेवली. मांदेली, तारली, बांगडा आणि सगळ्यात धाकटं बोंबील. आमचा म्हातारा बोका घरात होता म्हणून पिल्लांना पडवीतल्या खोलीत ठेवलं, दार बंद. बाहेरच्या पिल्लांकडून साथ आली तर घरच्या मांजराला लागते, आणि त्यांच्यातल्या पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू महिनोन् महिने जमिनीत, कपड्यांत टिकतो. आत जाताना वेगळा गाऊन, बाहेर आल्यावर साबणाने हात. आईने हे सोवळ्यासारखं पाळलं.

रोज सकाळी वजन. वाण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा काकूंनी मागून आणला होता. या वयात पिल्लू दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम तरी वाढायला हवं. आई आकडे कालनिर्णयवर लिहायची, एकादशीच्या नि दुधाच्या हिशोबाच्या मधल्या जागेत. बोंबलाचे आकडे असे: १६८, १६५, १६१. डॉक्टरांकडे नेलं, सुई झाली. चौथ्या पहाटे ते माझ्या हातात गेलं. लीड्सलाही पिल्लं गेली आहेत माझ्याकडची, पण तिथे मी एकटी रडते. इथे काकू येऊन बसल्या. बाबांनी सोनचाफ्याखाली खड्डा खणला.

त्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "मांजर आपल्या पोरांना सात घरं फिरवते ना. तुझी ती वरची खोली म्हणजे त्यातलंच एक घर." सहा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच शोधलं होतं.

माझी सुट्टी संपली तेव्हा तिघं चार आठवड्यांची होत आली होती, ताटलीतलं मऊ खाणं चाटायला लागली होती. पुढचं आईने केलं: जंताचं औषध, पहिली लस आणि घरं शोधणं. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला वीस आठवड्यांच्या आत मायक्रोचिप बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे तसं काही नाही, म्हणून आईने आपला कायदा केला: चार-पाच महिन्यांचं झालं की नसबंदीचं ऑपरेशन करून आणायचं, हे कबूल केल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही. एकाला तिने ओट्यावरूनच परत पाठवलं. मला फार अभिमान वाटला तिचा.

काल तिने कालनिर्णयच्या जुलैच्या पानाचा फोटो पाठवला. मांदेली आणि तारली एकाच घरी गेल्या, जोडीने. शेवटच्या चौकटीत तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: 'बांगडा ७४० ग्रॅम. मुरूडला दिला. काटा वाण्याला परत करायचा नाही, अजून लागेल.'