अनोळखी शंभर : क्रमांक ४१ ते ५२

इंदूरच्या रस्त्यांवर शंभर अनोळखी माणसांचे फोटो काढायचे, हा माझा उपक्रम. मागची नोंद ४० वर थांबली होती. मग दिवाळी, लग्नसराई, सासूबाईंचा गुडघा, आणि कॅमेरा कपाटात. संक्रांतीनंतर पुन्हा सुरुवात केली. सहा रविवार आणि तीन रात्री मिळून एकवीस जणांना विचारलं, नऊ जण नाही म्हणाले, बारा चेहरे पदरात पडले. नियम जुनेच : विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, मूल असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाला विचारायचं, आणि प्रिंट नेऊन द्यायची. शेवटचा नियम मोडायची सवय लागली होती, ती या खेपेला मोडून काढली. त्यातूनच सगळा घोळ झाला, किंवा शहाणपण आलं म्हणा.

आधी लेन्सचं. ५० मिमी घरी ठेवून आता ३५ घेऊन फिरते. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर ५० ची चौकट अरुंद होते, ७५ च्या लेन्ससारखी. चेहऱ्याला छान, पण कंबरेपर्यंतचा उभा फोटो घ्यायला दोन मीटरच्या वर मागे जावं लागतं, आणि बर्तन बाजारात दोन मीटर रिकामे मिळाले तर तो लॉकडाऊन समजावा. मी मागे सरकेपर्यंत मधून एक स्कूटर, एक हातगाडी आणि ‘साइड में, दीदी’ असं ओरडणारा कुणीतरी जातोच. ३५ ने तेच काम दीड मीटरमध्ये होतं. दीड मीटर म्हणजे गप्पांचं अंतर, आवाज चढवावा लागत नाही. त्याहून जवळ मात्र जाऊ नका, नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. क्रमांक ४१ च्या पानवाल्याची मी माफी मागितली आहे.

आता क्रमांक ४३. शीतलामाता बाजारामागच्या एका बोळात सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा माणूस. सायकल स्टँडवर, तो सीटवर बसून पायडल मारतोय, समोर दगड गरगर फिरतोय, ठिणग्या उडतायत. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

“भैया, एक फोटो ले लूँ आपका?”

“पैसे लगेंगे?”

“नहीं, छपवाकर आपको ही दूँगी.”

“तो रुको.”

सायकलवरून उतरला. दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या, मनगटाची बटणं लावली. खिशातून फडकं काढून आधी सीट पुसली, मग हँडल, मग तोंड. सायकलच्या बाजूला टाचा जुळवून उभा राहिला, एक हात हँडलवर, दुसरा मांडीला चिकटलेला, नजर थेट लेन्समध्ये. शाळेच्या पंधरा ऑगस्टसारखा. मी मनात चरफडले, एक आडवी फ्रेम घेतली ती निव्वळ त्याचं मन राखायला, आणि म्हटलं, आता जरा धार लावा ना. पुढची वीस मिनिटं ठिणग्या. शटरचा वेग १/६० सेकंदापर्यंत खाली आणला तेव्हा त्यांच्या छान रेघा आल्या. त्याचा चेहरा खाली, अर्धा अंधारात. घरी आल्यावर तो फोटो चार जणांना पाठवला, चौघांनी वाहवा केली.

पुढच्या रविवारी दोन्ही प्रिंट घेऊन गेले. ठिणग्यांवाली त्याने हातात घेतली, सभ्यपणे पाहिली, आणि म्हणाला, “ये तो काम कर रहा हूँ.” दुसरी पाहिली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग : “फोटो तो ये है.” आणि लगेच : “पर पहिया काट दिया.”

खरंच कापलं होतं. कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ ची, ती ४×६ इंची कागदावर जशीच्या तशी बसते. मी हौसेने ५×७ मागितली होती. तिथे लांब बाजू बसत नाही, लॅबवाल्याने न विचारता दोन्हीकडून थोडं थोडं छाटलं, आणि पुढच्या चाकाची कड गेली. ठिणग्यांच्या फोटोत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्याने सायकल मुद्दाम पुसून उभी केली होती, ती अख्खी दिसायला नको? ४×६ पुन्हा काढून दिली. आता सगळ्या प्रिंट ४×६, नाहीतर पांढरी किनार ठेवून पूर्ण फ्रेम.

तेव्हापासून पद्धत बदलली. पहिली फ्रेम त्यांची. उभं राहायचं तसं राहू दे, टोपी घालायची ती घालू दे, मी ‘नॅचरल रहिए’ म्हणत नाही. हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत किती जणांना ऐकवलं, आठवून लाज वाटते. बाजारात अडवायचं, तोंडासमोर काच धरायची आणि वर म्हणायचं सहज राहा.

आपल्याच गावाचा इतिहास बघा. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे-अंदाजपत्रकांच्या नोकरीवर आले, १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादाला लागले, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आसरा दिला. ओलं रसायन लावलेल्या काचेवर फोटो काढायच्या त्या काळात एक्सपोजर सेकंदांत मोजायचं, हललात की भूत. त्यामुळे ताठ बसणं ही गरज होती. हे मी नेहमी सांगायचे आणि पुढे जोडायचे, की आता शटर १/२५० सेकंदाचं आहे तर लोक ताठ का होतात? पण अमेरिकन छायाचित्रकार मॅन रेने काढलेले इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताबाईंचे फोटो आठवा, दोघं कशी खुशाल, सैल, हसत असतात. राजाला सैल बसणं परवडतं हो. त्याला ताठ बसवलेली तैलचित्रं वाड्यात आधीच टांगलेली असतात. धारवाल्याचा छापलेला फोटो आधार कार्डावर, तोही कुणी ‘हलू नका’ असं दरडावून काढलेला.

क्रमांक ४७ कृष्णपुरा छत्रीपाशी. स्वेटर, कानटोपी, हातात दुधाची पिशवी. मी हिंदीत सुरुवात केली, त्यांनी माझं मंगळसूत्र पाहून मराठीत उत्तर दिलं, आणि फोटोआधी चौकशी झाली : माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, रामबागेतल्या का लोकमान्य नगरातल्या. समाधान झाल्यावर म्हणाले, “थांबा.” दुधाची पिशवी माझ्याच हातात दिली. भर थंडीत स्वेटर काढला, आतल्या पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलं, कानटोपी खिशात कोंबली आणि थैलीतून काळी टोपी काढून दोन्ही हातांनी बसवली.

“काका, थंडी आहे, राहू द्या ना.”

“तुम्ही कशाला परेशान होता? काढा.”

पांढरा शर्ट फ्रेमभर आला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्याला करडा करू बघतं आणि चेहरा काळवंडतो, म्हणून एक्सपोजर +२/३, म्हणजे जरा उजळ. (राजवाड्याच्या काळपट दरवाजासमोर उलटं, तिथे मी −२/३ वर असते. आणि ऊन चढलं की कमानीच्या सावलीत, तोंड उजेडाकडे.) पहिली फ्रेम झाली. मग जुनी खोड, म्हटलं एक जरा गप्पा मारतानाची घेऊ. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. दुसरीत काका प्रेमळ, हसरे, गालावर छान उजेड, कुठल्याही विमा कंपनीच्या कॅलेंडरवर खपतील असे. पहिलीत ते एकटेच आहेत. पहिली छापली.

४४, ४५, ४६ बद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. बोहरा बाखळीतल्या टोपीवाल्या चाचांचे डोळे फोकसमध्ये नाहीत, मिशी आहे. चूक माझीच, f/१.८ चा हव्यास : लेन्सचं तोंड इतकं उघडलं की फोकसची पट्टी अगदी पातळ होते. आता f/४ च्या खाली जात नाही.

रात्रीचं सांगते. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की ओट्यांवर गराडू-जिलबी येते, आणि प्रत्येक गाड्यावर वेगळा एलईडी. गर्दीत आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं होतं, वेग १/२५०. क्रमांक ४९ सफाईवाली ताई, झाडू टेकवून, डोक्यावरचा पदर नीट करून उभी. घरी पाहते तर चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो, म्हणून तो लुकलुकाट पट्टे होऊन उतरतो. उपाय साधा : मेकॅनिकल शटर, वेग १/१०० किंवा १/५०, आणि समोरच्याला क्षणभर थांबायला सांगणं.

पण सायलेंटचा दुसरा तोटा मी कुठे वाचला नव्हता. ताई श्वास रोखून उभी होती. मी चार फ्रेम घेतल्या, कॅमेरा खाली केला, तरी ती तशीच. मग ओठ न हलवता विचारलं, “हो गया?” आवाजच आला नाही, तर तिला कळणार कसं? आता खटका मोठा वाजू देते. खटका झाला की माणूस खांदे सोडतो, आणि तिसरी-चौथी फ्रेम हवीच असेल तर ती तिथे मिळते.

नकार देणाऱ्या नऊ जणांपैकी सहा बायका. बाईने विचारलं की बायका सहज हो म्हणतात, हा माझा समज होता. एकीने कारण सांगितलं, “आज अच्छी साड़ी नहीं है.” तिला मी पुढचा वार विचारायला हवा होता. सुचलं नाही.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, हा कॅमेरा नेणार नाही. टँकरवरच्या पंपांतून रंग राजवाड्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत उडतो, तिथे माझ्या लेन्सची काय कथा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुना फोन नेईन, आणि त्या दिवशीचे चेहरे शंभरात धरायचे नाहीत, कारण तिथे कुणाला विचारायला आवाजच पोचत नाही.

४९ ची पट्टेवाली फ्रेम द्यायला मन होईना, म्हणून दोनदा सराफ्यात जाऊन आले. ताईची ड्यूटी दुसऱ्या गल्लीत लागलीय असं तिच्या जोडीदारणीने सांगितलं, गल्लीही सांगितली. शनिवारी रात्री अकरानंतर जाणार आहे, १/१०० लावून.