आईचा माग गोकाकच्या पाण्यात: चित्रात चित्र लपवण्याची नोंद

तीन आठवडे लागले, पण रविवारी रात्री खानापूरहून भाच्याचा फोन आला, "मामा, आजी दिसाय लागली!" त्याला मी गोकाकच्या धबधब्याचा फोटो पाठवला होता. त्याच्या आत माझी आई वडगावच्या आमच्या जुन्या घरात मागावर बसलेली आहे. मूळ फोटो त्याच्याकडे नव्हता, कसली किल्लीही नव्हती. नुसती ती एक फाइल आणि गिंप, म्हणजे फोटोवर काम करायचा संगणकातला प्रोग्रॅम. मला नेमकं हेच हवं होतं.

आधी चुकलेलं सांगतो, कारण जास्त वेळ तिथेच गेला.

सगळीकडे सांगतात ती रीत अशी: प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ या पायऱ्या म्हणजे आठ बिट. वरचे चार दिसणाऱ्या चित्राला, खालचे चार लपवायच्या चित्राला. गिंपमध्ये ते बसवणं सोपं आहे. धबधबा पोस्टराइज १६ करा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या सोळाच पायऱ्या ठेवा, मग लेव्हल्समध्ये (आकड्यांची व्याप्ती बदलायचं साधन) आउटपुटचा वरचा आकडा २४० ठेवा, म्हणजे ०, १६, ३२ असे सोळाच्या पाढ्यातले आकडे उरतात. आईच्या फोटोचं आउटपुट ० ते १५ करा आणि त्यावर अ‍ॅडिशन मोडमध्ये, म्हणजे आकड्यांची बेरीज होईल असा, ठेवा. लपलं.

काढताना मात्र अडलं. समजा एका ठिकाणी धबधब्याचे १६० आणि आईचे १२, मिळून १७२. मला वाटलं होतं, पुन्हा पोस्टराइज केलं की १६० परत मिळतील आणि वजा केलं की १२ उरतील. मिळाले १७०. पोस्टराइज खाली कापत नाही, जवळच्या पायरीवर नेतं, आणि त्याच्या सोळा पायऱ्या १६ च्या नाहीत, १७ च्या अंतरावर आहेत: ०, १७, ३४, थेट २५५ पर्यंत. कागदावर हे मांडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. साधनाच्या पायऱ्या १७ च्या असतील तर आपणही १७ चाच पाढा धरायचा, आणि लपवायचं चित्र पायरीच्या नुसतं वर न ठेवता तिच्या दोन्ही बाजूंना ठेवायचं, उणे ८ ते अधिक ८. आठच्या पुढे जायचं नाही म्हणजे पोस्टराइज दर वेळी बरोबर मूळ पायरीवरच येतं.

आता केलं ते असं. धबधब्याच्या लेव्हल्समध्ये आउटपुट ९ ते २४६, मग पोस्टराइज १६. यामुळे सगळ्यात खालची पायरी १७ आणि वरची २३८ राहते, दोन्ही टोकांना जागा उरते. त्याच मापाचा आईचा फोटो वरच्या लेयरवर (थरावर), आउटपुट ० ते १६, मोड अ‍ॅडिशन. त्याच्यावर ८, ८, ८ या रंगाने भरलेला लेयर, मोड सबट्रॅक्ट (वजाबाकी). सगळे थर एक करून (फ्लॅटन) पीएनजी फाइल, तिच्यात आकडे जसेच्या तसे राहतात.

काढायला: लेयरची नक्कल करून तिला पोस्टराइज १६ आणि मोड सबट्रॅक्ट. तिच्या खाली, मूळ लेयरवर, ८ चा तोच लेयर, पण अ‍ॅडिशनमध्ये. जे दिसतं त्याचा नवा लेयर करून लेव्हल्समध्ये इनपुटचं पांढरं टोक १६ वर आणा. काळोखातून आधी आईच्या हातातला धोटा आला, मग चेहरा. करड्याच्या सतराच छटा, तरी पदराच्या चुण्या ओळखू येतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. गिंप २.१० पासून साधा अ‍ॅडिशन मोड रंगांची बेरीज वेगळ्या, लिनियर मापात करतो, त्यामुळे आपले आकडे जुळत नाहीत. मोडच्या यादीत वरच्या बटणाने लेगसी (जुन्या रीतीचा) गट निवडा, तिथला अ‍ॅडिशन आणि सबट्रॅक्ट घ्या. मला हे कळायला आठवडा गेला. चित्र ८ बिटच ठेवा. रंग भरताना आकडे ०..२५५ मध्येच बघा, शेकड्यात नको.

वरचं, म्हणजे दिसणारं, चित्र कोणतं घ्यायचं, याला मी आता सगळ्यात जास्त वेळ देतो. पहिल्यांदा येळ्ळूरचा राजहंसगड घेतला होता, माथ्यावर मोकळं निळं आकाश. आकाशात पट्टे पडले आणि त्या पट्ट्यांत मागाची चौकट सरळ दिसत होती. पावसाळ्यातला गोकाक त्या मानाने फार चांगला. घटप्रभेचं तांबूस गढूळ पाणी ५२ मीटर खाली कोसळतंय, तुषार, काळा खडक, कुठेच सपाट रंग नाही. आईचा चेहरा मी मुद्दाम मधल्या पाण्यावर आणला. कोपऱ्यातल्या ढगावर अजून मागाची एक उभी काठी पुसट दिसते, तेवढा भाग कापायला हवा होता.

पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भाच्याला पहिल्यांदा साधा फोटो म्हणून पाठवला तर जेपीजी होऊन, आकार बदलून गेला आणि आत नुसता चिखल उरला. पायरीच्या आसपासचा आठचा फरक जेपीजीत टिकत नाही. आणि हे कुलूप नव्हे. रीत ठाऊक असलेला कोणीही काढू शकतो.

पुढचं काम सुरू केलंय. २५५ ला ५ नेही भाग जातो, म्हणजे पोस्टराइज ५२ केलं की पायऱ्या पाचाच्या. लपवायला उणे २ ते अधिक २, पाचच छटा. पण वरचं चित्र जवळजवळ जसंच्या तसं राहतं, आकाशसुद्धा. दिसणाऱ्या चित्राचं आउटपुट ३ ते २५२, लपवायच्याचं ० ते ४, आणि ८ च्या जागी २. चेहऱ्याला हे पुरणार नाही, काळ्या-पांढऱ्या रेघांना पुरतं. आमच्याकडे जकार्डाचे, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे, भोकं पाडलेले जुने पुठ्ठे माळ्यावर आहेत. त्यांचे फोटो काढून झालेत. त्या पुठ्ठ्यांवर विणलेलं एक लुगडं आईच्या पेटीत आहे, त्याच्या काठाचा फोटो उद्या सकाळच्या उन्हात काढायचा आणि पुठ्ठा त्याच्या आत ठेवायचा.